कारुझोच्या ‘ऊना फुर्तीवा लाग्रिमा’ची पट्टी कोणती, लय किती, आणि हे गाणं उदास आहे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तुम्ही आठ वर्षं हिंदुस्थानी गायकी शिकताय. इटालियन ऑपेरा-गायक एनरिको कारुझोने गायलेलं ‘ऊना फुर्तीवा लाग्रिमा’ ऐकलंत आणि ते गळ्यावर चढवायची इच्छा झाली. एकाच गाण्याच्या दोन फाइल मिळाल्या. मोबाइलमधल्या ॲपने पहिलीवर ‘डी फ्लॅट मेजर, ११२, उदास’ असा पट्टी, लय आणि भाव सांगणारा शिक्का मारला आणि दुसरीवर ‘बी मायनर, ५९, उदास’. नोटेशनच्या पुस्तकात मात्र बी फ्लॅट मायनर छापलंय. यातलं खरं कोणतं आणि तानपुरा कशावर लावायचा, हा तुमचा प्रश्न. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की पहिली फाइल साडेचार मिनिटांची आहे आणि दुसरी पंधरा सेकंदांनी छोटी.

हे शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलं नसतं तर मला उत्तर देता आलं नसतं. त्या पंधरा सेकंदांतच सगळी मेख आहे.

हिशोब करून बघा. साडेचार मिनिटं म्हणजे २७० सेकंद आणि सव्वाचार म्हणजे २५५. दुसरी फाइल साधारण सहा टक्क्यांनी वेगात आहे. बी फ्लॅट आणि बी यांच्यात अंतर आहे एका अर्ध्या स्वराचं, आणि अर्धा स्वर म्हणजे कंपनसंख्येत तेच सहा टक्के. आता लय बघा. ११२ चे निम्मे ५६, आणि ५६ मध्ये सहा टक्के मिळवले की ५९. तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगताहेत. तुमच्याकडे दोन वेगळी गायनं बहुधा नाहीतच. तबकडी एकच आहे, कुणीतरी ती एकदा जोरात फिरवून उतरवली आहे. ‘डी फ्लॅट मेजर’ कुठून आलं ते पुढे सांगतो. ती चूक आहे, पण शहाण्याची चूक आहे.

मी गेली बावीस-तेवीस वर्षं जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या डिजिटलमध्ये उतरवण्याचं काम करतो आणि जमेल तेव्हा गाणाऱ्यांना पियानोवर साथ करतो. पियानो शिकलो गिरगावात, मूळच्या गोव्याच्या एका सरांकडे. त्यांचं बालपण चर्चच्या शाळेत सोल्फेज्यो घोकण्यात गेलेलं, त्यामुळे स्वरांची नावं ते डो-रे-मी अशीच घ्यायचे आणि इटालियन शब्द कोकणीच्या हेलात म्हणायचे. खाली जे लिहितोय ते याच दोन कामांतून आलेलं आहे.

आधी वेगाबद्दल, कारण बाकीच्या दोन गोष्टी त्याच्या मागोमाग येतात.

आपण ‘७८ ची तबकडी’ म्हणतो, पण १९०० ते १९२५ च्या काळात तो आकडा बराचसा नावापुरता होता. त्या वेळी माइक नव्हता, वीज नव्हती. गायक पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायचा, पडदा थरथरायचा आणि सुई मेणावर रेघ कोरत जायची. मेण फिरवणारं यंत्र पुष्कळदा खाली उतरत जाणाऱ्या वजनावर चालायचं. कुणी मिनिटाला ७४ फेरे लावले, कुणी ७६, कुणी ८०. त्या काळच्या तबकड्या ७० पासून ८० च्या पुढेपर्यंत कुठल्याही वेगाने कापलेल्या सापडतात. विजेवर चालणारी यंत्रं आली तेव्हा कुठे तो आकडा ७८ वर स्थिरावला, आणि तोही नीट ७८ नव्हे. अमेरिकेत ७८.२६, आपल्यासारख्या पन्नास हर्ट्झच्या देशांत ७७.९२. पुढे ज्यांनी ज्यांनी या तबकड्या घरच्या यंत्रावर लावल्या, त्यांनी सरसकट बटण ७८ वर ठेवलं. ७४ ला कापलेली तबकडी ७८ ला फिरली की गाणं जवळजवळ अर्धा स्वर वर चढतं आणि त्याच प्रमाणात धावायला लागतं. तुमची दुसरी फाइल अशीच झाली असावी.

माझ्या टेबलावर आजही एक जुनी चोकवाली ट्यूबलाइट आहे. घरातले हसतात. पण तबकडीवर ७७ काळ्या पट्ट्यांचं गोल कार्ड ठेवलं आणि ती ट्यूब लावली, की बरोबर ७७.९२ फेऱ्यांना त्या पट्ट्या जागच्या जागी थिजल्यासारख्या दिसतात. वेग जरा वाढला की पट्ट्या पुढे सरकतात, कमी झाला की मागे. पन्नास हर्ट्झची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, त्याचा हा खेळ. कित्येक एलईडी दिवे असे लुकलुकत नाहीत, म्हणून ट्यूब सांभाळून ठेवली आहे. अर्थात या कार्डाने माझं यंत्र किती वेगाने फिरतंय ते कळतं. १९११ साली मेण किती वेगाने फिरत होतं ते कळत नाही. तिथे कानच लागतो.

आणि कानही फसतो, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत मी एका मुलाला एका इटालियन गाण्याची फाइल करून दिली होती, बिनधास्त ७८ वर उतरवलेली. त्याने तीन महिने त्या फाइलबरोबर रियाज केला. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पियानोवर साथीला बसलो तर तो पहिल्याच ओळीला थांबला आणि म्हणाला, “सर, तुमचा पियानो उतरलाय.” पियानो जागेवर होता. उतरलेला नव्हता तो, मी चढवलेली होती ती फाइल. पट्टी कुठल्याच पट्टीवर नव्हती, दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळत होती. त्याच्या गळ्यात ती इतकी मुरली होती की बिचाऱ्याला ती सोडायला आणखी महिना लागला.

म्हणून आता मी वेग कसा ठरवतो ते सांगतो. पहिला आधार छापील स्वरलिपीचा. हे गाणं बी फ्लॅट मायनरमध्ये लिहिलेलं आहे, आपल्या पेटीच्या भाषेत काळी पाच. तबकडीचा वेग हळूहळू कमी-जास्त करून गाणं काळी पाचवर आणायचं. पण एवढ्यावर विसंबायचं नाही, कारण गायक स्वतःच्या सोयीसाठी पट्टी उतरवतात, तेव्हाही उतरवत होते. मग दुसरा आधार आवाजाचा. फेरे बदलले की नुसता स्वर बदलत नाही, माणूसच बदलतो. अर्धा स्वर वर चढवलेला कारुझो ऐका: त्याचा रुंद, तांबूस ‘आ’ चिंचोळा होतो, ‘ओ’ ‘अ’कडे झुकायला लागतो, आणि लांब स्वरांवरचं कंपन बकरीच्या बें-बेंकडे जातं. शिकलेल्या गळ्याचं कंपन सेकंदाला पाच ते सात वेळा असतं. ते मोजून सहा टक्क्यांचा फरक पकडता येत नाही, पण ऐकताना तो जाणवतो. तिसरा आधार त्याच दिवशी, त्याच यंत्रावर कापलेल्या बाकीच्या तबकड्यांचा. एका बैठकीतली चार गाणी एकाच वेगावर आपापल्या छापील पट्टीत नीट बसली, तर वेग सापडला असं समजायचं. हे तिन्ही आधार एका जागी आले की मी निर्धास्त होतो. दोनच जुळले तर फाइलच्या नावात तसं लिहून ठेवतो.

एक बारीक गोष्ट राहिली. ‘बरोबर काळी पाच’ म्हणजे तरी काय? आजचा ए हा स्वर ४४० हर्ट्झचा. ते ठरलं १९३९ साली, लंडनच्या बैठकीत. त्याआधी फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवला होता, आणि इटलीत व्हेर्दी ४३२ च्या बाजूचा होता. ४३५ आणि ४४० मध्ये अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याइतकं अंतर आहे. त्यामुळे कारुझोच्या मागचे वादक नेमके कशाला सूर लावून बसले होते यावर थोडं पुढेमागे होणारच. तुमची पहिली फाइल तानपुऱ्याच्या काळी पाचशी घासली आणि किंचित खाली लागली, तर ती सदोष समजू नका. ती कदाचित सर्वांत खरी असेल.

आता डी फ्लॅट मेजर. ही गंमत तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही मूर्च्छना शिकला आहात. काळी पाचला षड्ज धरून आसावरी थाट, म्हणजे यांचा मायनर, वाजवा. आता त्याच स्वरांत कोमल गंधाराला षड्ज माना. बिलावल, म्हणजे यांचा मेजर, हाती येतो. काळी पाचचा कोमल गंधार म्हणजे काळी एक, म्हणजेच डी फ्लॅट. बी फ्लॅट मायनर आणि डी फ्लॅट मेजर यांच्या पिशवीत स्वर तेच आहेत. षड्ज कुठला मानायचा एवढाच फरक. ॲपला षड्ज ऐकू येत नाही. ते बाराच्या बारा स्वर किती वेळा वाजले याची बेरीज करतं आणि ओळखीच्या साच्यांशी ताडून बघतं. त्यात या गाण्याचा संगीतकार दोनिझेत्ती याने पहिल्या कडव्याचा उत्तरार्ध खरोखरच काळी एकच्या मेजरमध्ये नेऊन ठेवला आहे. बिचाऱ्या ॲपचा तोल तिकडे गेला तर मी त्याला दोष देणार नाही.

दोनिझेत्तीने काय केलंय ते जरा जवळून बघू, कारण पट्टी आणि भाव इथेच एकमेकांत गुंततात. गाणं दोन कडव्यांचं. दोन्ही कडवी बी फ्लॅट मायनरमध्ये, कोमल गंधाराच्या छायेत सुरू होतात. पहिल्या कडव्यात ‘मामा, सी मामा’ हे शब्द येतात. मामाचा इथे काही संबंध नाही, इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘तिचं माझ्यावर प्रेम आहे, हो, आहे!’ नेमक्या त्या शब्दांवर सुरावट डी फ्लॅट मेजरमध्ये उघडते. खिडकीचं दार ढकलल्यासारखा उजेड येतो. मग पुन्हा मायनर, दुसरं कडवं. आणि या वेळी शेवट डी फ्लॅटकडे न नेता तो थेट बी फ्लॅट मेजरवर जातो. म्हणजे षड्ज तोच, काळी पाच, पण कोमल गंधार शुद्ध झाला. ज्या जागेवर उभं राहून गाणारा साशंक होता, तिथेच उभा राहून तो आता निश्चिंत आहे. तेव्हा ‘या ध्वनिमुद्रणाची पट्टी कोणती’ याचं प्रामाणिक उत्तर ‘सुरू कुठे होतं, उघडतं कुठे आणि संपतं कुठे’ असं तीन तुकड्यांतच देता येतं. ॲपच्या एका चौकटीत ते मावत नाही.

लयीचं तसंच. छापील शब्द आहे ‘लार्गेत्तो’. लार्गो म्हणजे ऐसपैस, संथ. लार्गेत्तो त्याचं धाकटं भावंड, जरा चालतं. आमचे सर म्हणायचे, लार्गो म्हणजे मिरवणुकीतली पालखी, लार्गेत्तो म्हणजे जेवण झाल्यावरची शतपावली. मात्रा सहाच्या, तीन-तीनच्या दोन गटांत, म्हणजे तुमच्या दादऱ्याच्या हिशोबातच. आता मोजायचं काय? समजा सहातली एकेक मात्रा मिनिटाला ८४ पडते. विभागाची टाळी मोजली तर तेच २८ होतात. नाचगाण्यांवर पोसलेल्या ॲपला २८ हा आकडा पटत नाही. ते दुप्पट करून ५६ म्हणतं, तरी समाधान झालं नाही तर ११२. गाणाऱ्याने काही वेगळं केलेलं नाही. म्हणून लयीचा आकडा कुणी सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा: कशाचे ठोके?

आणि दुसरा प्रश्न, गाण्याच्या कुठल्या भागातले? कारण कारुझो ताल सोडत नाही, पण लय ताणतो. ओळीच्या सुरुवातीला सैल सुटतो, वरच्या स्वरावर रेंगाळतो, तिथून मींड घेत खाली उतरतो आणि उशीर झालेला वेळ पुढच्या शब्दांत भरून काढतो. शेवटच्या मोकळ्या जागेत तर साथ थांबते आणि गायक एकटा आलाप-तानेसारखं फिरून येतो. तिथे ठोके मोजणं म्हणजे ठुमरीतल्या बोलबनावाला घड्याळ लावण्यासारखं. सरासरी आकडा निघतो, पण त्या आकड्यावर मेट्रोनोम लावून गायलात तर पहिल्या दोन ओळींतच तुमचं आणि कारुझोचं फाटेल.

तबकडीच्या लांबीचाही विचार करायला हवा. दहा इंची बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत, बारा इंचीवर चार-साडेचार. हे गाणं निवांत गायलं तर जवळपास पाच मिनिटांचं. मग काहीतरी कापायचं, घाई करायची, नाहीतर दोन बाजूंवर वाटायचं. त्या काळातल्या कुठल्याही तबकडीवरची लय ऐकताना ही अडचण डोळ्यांसमोर ठेवावी. ती थोडीफार मेणाच्या चकतीने ठरवलेली असते.

कारुझोने हे गाणं एकाहून जास्त वेळा कोरलं. १९०२ मध्ये मिलानला आणि १९०४ मध्ये न्यूयॉर्कला पियानोच्या साथीने, आणि १९११ मध्ये वाद्यवृंदाबरोबर. १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानच्या हॉटेलात त्याची पहिली प्रसिद्ध बैठक ज्याने घेतली तो फ्रेड गेसबर्ग, त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मेणावर उतरवत होता. एकाच माणसाच्या सामानात, काही महिन्यांच्या अंतराने, हे दोन गळे! मला हे आठवलं की हातातली तबकडी जड वाटायला लागते. असो. तुमच्या फाइलमध्ये मागे वाद्यवृंद ऐकू येतो असं लिहिलंय, म्हणून ती १९११ ची असावी. सावध एवढ्यासाठी बोलतो की १९३२ पासून कारुझोच्या काही जुन्या तबकड्यांवर नवा वाद्यवृंद चढवून त्या पुन्हा विकल्या गेल्या. मागची वाद्यं पुढच्या आवाजापेक्षा स्वच्छ आणि गुबगुबीत वाटली तर संशय घ्यायचा.

आता भाव. इथे ॲप सपशेल चुकलंय आणि दोन्ही वेळा एकाच कारणाने.

ॲपचा तर्क असा: मायनर, संथ, आवाज हळू, वरच्या पट्टीची झळाळी कमी, म्हणून उदास. यातली झळाळी कमी का, तर कर्ण्याच्या काळात अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही मेणापर्यंत पोचतच नसे. म्हणजे यंत्राच्या मर्यादेला ॲप गायकाचं दुःख समजतंय. त्या हिशोबाने १९११ सालचं लग्नातलं बँडवादनही उदासच ठरायचं.

खरी हकीकत अशी. हे गाणं ‘लेलिझीर दामोरे’ या विनोदी ऑपेरातलं. पहिला प्रयोग मिलानमध्ये, १२ मे १८३२ ला. नेमोरीनो हा साधाभोळा शेतकरी पोरगा, आदीना ही शिकलेली, पैसेवाली जमीनमालकीण. गावात दुल्कामारा नावाचा भोंदू वैद्य येतो आणि प्रेमाचं औषध म्हणून याच्या गळ्यात बोर्दोच्या दारूची बाटली मारतो. दुसरी बाटली घ्यायला पैसे नाहीत म्हणून हा फौजेत नाव घालतो. इकडे त्याचा श्रीमंत काका वारल्याची बातमी गावातल्या मुलींना लागते, याला नाही. मुली याच्याभोवती रुंजी घालायला लागतात, आणि हा समजतो, औषध लागू पडलं! आदीना हे बघते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. ते त्याने पाहिलेलं असतं. मंचावर तो एकटा येतो आणि गातो: एक चोरटा अश्रू तिच्या डोळ्यांत तरळला, त्या खिदळणाऱ्या पोरींचा तिला हेवा वाटला असावा. मग मला आणखी काय हवं? तिचं प्रेम आहे माझ्यावर, दिसतंय मला. पुढच्या कडव्यात म्हणतो, एक क्षण तिच्या काळजाची धडधड ऐकू यावी, मग मरण आलं तरी चालेल.

रडतंय कोण? ती. गाणारा रडत नाहीये, त्याला त्या रडण्यात स्वतःचं सुख दिसलंय. पण मोठ्याने ओरडावं असं ते सुख नाही. झाडावर पक्षी बसलाय आणि आपण हललो तर उडेल, तसा तो श्वास धरून बोलतोय. म्हणून मायनर, म्हणून लार्गेत्तो, म्हणून सुरुवातीला हार्प आणि बोटांनी छेडलेल्या तारांवर एकटं बॅसून. बॅसून म्हणजे दोन पत्त्यांचं, आपल्या सनईच्या गोतातलं पण खर्जात बोलणारं वाद्य. एरवी ऑपेरात त्याला विदूषकाची कामं देतात. दोनिझेत्तीने त्या विदूषकाच्या तोंडी विनोदी नाटकातला सर्वांत हळवा क्षण दिला. संहिता लिहिणाऱ्या रोमानीला नाटकाच्या शेवटाजवळ हे हळवं गाणं नको होतं आणि दोनिझेत्ती अडून बसला, असं सांगतात. मला विचाराल तर भाव ठरला तो तिथे, त्या वाद्याच्या निवडीत. पियानोवरच्या १९०२ आणि १९०४ च्या तबकड्यांत हे बॅसून नाही, त्यामुळे तिथे सगळा भाव एकट्या आवाजाला ओढावा लागलाय. तेवढ्यासाठी तरी त्या मुद्दाम ऐका.

कोमल गंधार म्हणजे करुण, हे समीकरण आपल्याही डोक्यात बसलेलं असतं. पण भैरवीत एवढे कोमल स्वर असून ती काय फक्त रडायला गातात? शब्द आणि प्रसंग कळल्याशिवाय भाव ठरवायचा नाही, हे तुम्हाला तुमच्या गुरूंनी बंदिशीच्या बाबतीत शिकवलंच असेल. इथेही तसंच. हे गाणं करुण करून गाणारे नामवंत कमी नाहीत, पहिल्या ओळीपासून हुंदका आणतात. मला ते पटत नाही. हुंदका पहिल्या ओळीत खर्चला तर मेजरमध्ये उघडण्याच्या जागी हातात काही उरत नाही. तीतो स्किपाचं गायन मिळालं तर ऐका. आवाज कारुझोच्या मानाने हलका, पण गोष्ट सांगतो. कारुझो मला आवडतो तो दुसऱ्या कडव्यात, जिथे तो एवढा मोठा आवाज जवळजवळ कुजबुजीवर आणून ठेवतो.

आता तुमच्या कामाचं. तानपुरा सतत चालू ठेवू नका. सुरुवातीचा षड्ज कानात भरण्यापुरता काळी पाचवर लावा आणि बंद करा. कारण मधल्या भागात सुरावट काळी एकवर घर करते, खालचे स्वरसमूह बदलत राहतात, आणि तुमचा तानपुरा मात्र काळी पाच आणि पांढरी चार घोळवत बसेल. ज्या जागी उजेड यायला हवा तिथेच तो खडा टाकेल. त्याऐवजी पियानोची साथ रेकॉर्ड करून घ्या, आणि साथ करणाऱ्याला सांगा की मेट्रोनोमवर नको, माझ्या श्वासावर वाजव.

पट्टी कोणती घ्यायची हे तुमच्या गळ्यावर आहे, इथे नियम नाही. ‘काळी पाच’ ऐकून घाबरू नका, कारण हे गाणं षड्जाच्या वर आणि खाली तुमच्या ख्यालासारखं पसरत नाही. खाली मंद्र पंचम, वर त्याच सप्तकाचा शुद्ध निषाद, एवढाच पल्ला. पण पुरुषाच्या गळ्याला तो निषादही फार वर पडतो. तुम्ही पांढरी दोनला गात असाल तर तो तुमच्या तार पंचमाला येईल, आणि तिथे खोटा आवाज न लावता भरून गायचं असतं. जमत नसेल तर बिनदिक्कत दीड स्वर उतरून पांढरी पाचला घ्या. मग वरचा स्वर तुमच्या तार गंधाराला येतो, तो रोजच्या वहिवाटीतला. इटालियन गाण्यांत हे कमीपणाचं मानत नाहीत. ‘कारो मिओ बेन’ विद्यार्थ्यांच्या हातात मिळतं तेच उंच गळ्यासाठी ई फ्लॅटमध्ये आणि खालच्या गळ्यासाठी सीमध्ये, असं दोन प्रकारे छापलेलं. फक्त उतरवताना संगणकावर पट्टीच उतरवा, वेग नको. आजची सॉफ्टवेअरं दोन्ही वेगळं करू शकतात, कारुझोच्या तबकडीला ती सोय नव्हती. आणि गाणाऱ्या बाई असाल तर वरचा सगळा हिशोब बदलेल.

तोपर्यंत दुसरी फाइल बाजूला ठेवा, पहिलीबरोबरच ऐका. जमलं तर दोन गोष्टी कळवा. एक, तुमचा षड्ज कुठला. दुसरं, ज्याच्याकडून फाइल मिळाली त्याच्याकडे मूळ तबकडी असेल तर लेबलच्या भोवतीच्या गुळगुळीत जागेत कोरलेला नंबर. तिरप्या उजेडात धरला की दिसतो. त्यावरून कुठल्या बैठकीची तबकडी ते शोधता येईल, आणि त्याच दिवशीच्या बाकीच्या बाजू माझ्याकडे असल्या तर वेग मी लावून देतो.